बाळंतिणीने पुन्हा हंडा कधी उचलावा?

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

मृग लागला की कोकणातल्या घरात एकही हात मोकळा राहत नाही. तरवा (भाताची रोपे) काढायचा, लावणी उरकायची, गुरांचे बघायचे. दोन-तीन महिन्यांच्या बाळाची आईसुद्धा पदर खोचून चिखलात उतरते, आणि संध्याकाळी तिला खाली काहीतरी ओघळल्यासारखे, योनीच्या तोंडाशी चेंडू अडकल्यासारखे वाटते. ती कुणाला सांगत नाही. सांगितलेच तर उत्तरे ठरलेली. सासू म्हणते, ‘बाळंतपणात नीट निजून राहिली नाहीस, आता जड म्हणून काही उचलू नको.’ मोबाइलवरची बाई म्हणते, ‘पोटाचे व्यायाम करा, पट्टा बांधा.’ पहिले उत्तर अर्धे आहे, दुसरे बऱ्याचदा अपायकारक. वर्तमानपत्रांच्या आरोग्यपानांवर बाळंतपणानंतरच्या सुटलेल्या पोटाविषयी पुष्कळ येते, अंग खाली येण्याविषयी, म्हणजे गर्भाशय, मूत्राशय किंवा गुदाशय योनीत उतरण्याविषयी, जवळपास काहीच नाही, म्हणून हे लांबलेले पत्र. आम्ही बाळंतिणींच्या फिजिओथेरपीचे आणि शुश्रूषेचे काम करणाऱ्या आहोत.

ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या जांघेच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी ताणून बांधलेली असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय तिच्यावर टेकलेले असतात आणि वरच्या बाजूने त्यांना बंधांनी धरलेले असते. बाळ बाहेर येताना या झोळीचा काही भाग मूळ लांबीच्या तिपटीपर्यंत ताणला जातो. कधी तो एका बाजूने हाडापासून सुटतो. चिमटा लावून केलेल्या बाळंतपणात ही शक्यता अधिक. झोळी ढिली पडली की सगळा भार बंधांवर येतो, तेही लांबत जातात, आणि पुढून मूत्राशय, मागून गुदाशय किंवा मधून गर्भाशय योनीत उतरू लागते. सिझर झालेल्या बाईला धोका कमी, पण नाहीच असे नाही. नऊ महिन्यांचे ओझे तिच्या झोळीनेही पेललेले असते. यात बाईची चूक नसते, सुइणीची किंवा डॉक्टरची असेलच असेही नाही.

डॉक्टर याच्या चार पायऱ्या मानतात. मोजमाप योनीमुखाच्या आतल्या पडद्याच्या कडेपासून होते. सर्वांत खालचा भाग त्या कडेच्या १ सेंटिमीटरहून जास्त आत असेल तर पहिली पायरी, कडेच्या आत-बाहेर १ सेंटिमीटरमध्ये असेल तर दुसरी, त्याहून बाहेर आला तर तिसरी, आणि सगळेच उलटून बाहेर आले तर चौथी. बाळंतपणानंतर लवकर दिसणारे अंग बहुतेक वेळा पहिल्या दोन पायऱ्यांतले असते, आणि नेमके तेच व्यायामाला दाद देते. तपासणीबद्दल एक सूचना इथेच. सकाळी टेबलावर आडवे करून तपासले तर खाली आलेले अंग मागे सरकलेले असते आणि ‘काही नाही हो’ असा शेरा मिळतो. दुपारनंतरची वेळ घ्यावी आणि ‘खोकायला लावून, उभी करून तपासा’ असे स्पष्ट सांगावे.

आता मूळ मुद्दा. आपल्याकडे बाळंतीण सव्वा महिना माहेरी खोलीत असते. शेक, तेल, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू. ही रीत मोडावी असे आमचे मुळीच म्हणणे नाही. त्या दिवसांत टाके भरतात, गर्भाशय जवळपास मूळ आकाराला येते. अडचण पुढे आहे. चाळिसाव्या दिवसापर्यंत पाण्याचा तांब्या उचलायचा नाही, आणि सासरी पोचली की आठवड्याच्या आत हंडा, मोळी, चिखल. ओटीतळाचे ताणलेले स्नायू आवळून येण्याचे बरेचसे काम बाळंतपणानंतरच्या चार ते सहा महिन्यांत होते. म्हणजे हंडा डोक्यावर चढतो तेव्हा ते काम निम्मेही झालेले नसते. निजून राहणे आणि पूर्ण ओझे यांच्या मधले चार-साडेचार महिने कसे चालवायचे, हे कुणी सांगत नाही.

सुरुवात स्नायू आवळायला शिकण्यापासून. अमेरिकेतले डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली हा व्यायाम मांडला, त्यांचेच नाव त्याला पडले. योगवर्गाला जाणाऱ्या ज्याला मूलबंध म्हणतात ते याच्या बरेच जवळचे. बाळंतपण साधे झाले असेल आणि लघवी मोकळी होत असेल तर पहिल्या काही दिवसांतच तो हलक्या हाताने सुरू करता येतो, टाके असले तरी. लघवीची नळी असेल तर ती निघेपर्यंत थांबावे.

कुशीवर झोपावे, किंवा पाठीवर झोपून गुडघे दुमडावेत. खाली जडपणा जास्त असेल तर कमरेखाली दोन उशा घालाव्यात. अंग आपोआप आत सरकते आणि स्नायूला त्याच्या वजनाशी झगडावे लागत नाही. श्वास आत घेताना पोट आणि खालचा भाग सैल सोडावा. श्वास सोडू लागताना, चारचौघांत वारा सुटू नये म्हणून मागे जसे आवळतो तसे आवळावे, ती पकड पुढे लघवीच्या जागेपर्यंत आणावी, आणि मग सगळे मिळून आत-वर, बेंबीकडे उचलावे. मांड्या आणि ढुंगण सैल. तीन आकडे मोजेपर्यंत धरावे, मग सहा आकडे पूर्ण सोडावे. सोडणे अर्धवट राहिले तर पुढचे आवळणे लागत नाही, आणि पुष्कळ जणींचे गाडे इथेच अडते. आवळलेले असताना तोंडाने आकडे मोजता आले पाहिजेत. आवाज निघत नसेल तर श्वास कोंडला आहे असे समजावे.

हे बरोबर होते आहे की नाही, हे सहा आठवड्यांनी टाके भरल्यावर आरसा धरून पाहावे. योनी आणि गुदद्वार यांच्या मधली जागा आत ओढली गेली आणि योनीचे तोंड मिटले तर ठीक. ती जागा फुगली, किंवा अंग आणखी पुढे आले, तर आपण आवळत नसून कुंथतो आहोत. हात स्वच्छ धुऊन एक बोट दोन पेरांपर्यंत आत घालूनही कळते: बोटाभोवती पकड बसून आत ओढ लागली पाहिजे, बोट बाहेर ढकलले जाता कामा नये. ही भीती उगाच नाही. १९९१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४७ स्त्रियांना तोंडी सूचना देऊन आवळायला सांगितले, तेव्हा चौघींतली एक उलट खाली ढकलत होती. अंग खाली आलेल्या बाईने रोज तीसदा खाली ढकलले तर व्यायामानेच आजार वाढायचा. लघवीची धार मध्येच तोडून सराव करण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो, तो मानू नये. तसे नेहमी केले तर मूत्राशय नीट रिकामे होत नाही.

मात्रा अशी: आठ ते दहा वेळा आवळणे, दिवसातून तीनदा. बाळाला पाजताना एकदा हमखास होते. आठवड्या-दोन आठवड्यांनी धरण्याचा वेळ एक-दोन आकड्यांनी वाढवत दहापर्यंत न्यावा आणि प्रत्येक खेपेच्या शेवटी दहा वेळा झटपट आवळून सोडावे. निजून जमले की बसून, बसून जमले की उभ्याने. खरी कसोटी उभ्याने, कारण कामे उभ्यानेच करायची असतात. तीन आठवडे करून ‘गुण नाही’ म्हणत सोडून देणाऱ्या फार. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २०१९च्या मार्गदर्शक सूचनांत पहिल्या-दुसऱ्या पायरीच्या अंगासाठी किमान १६ आठवड्यांचा, शिकवणाऱ्याच्या देखरेखीखालचा सराव सांगितला आहे. २०१४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या, ४४७ स्त्रियांवरच्या अभ्यासात १६ आठवड्यांत पाच भेटी देऊन प्रत्येकीला तिच्यापुरता सराव शिकवला होता. वर्षभरानंतर त्यांचा त्रास नुसती माहितीपत्रके मिळालेल्या स्त्रियांपेक्षा कमी होता. हाडापासून सुटलेला स्नायू याने पुन्हा चिकटत नाही आणि चौथ्या पायरीचे अंग वर जात नाही. जडपणा कमी होतो, लघवी सुटणे आटोक्यात येते, आणि ओझे पेलायला ताकद येते.

अपवाद एक आहे. काहींचा ओटीतळ ढिला नसून सतत आखडलेला असतो. संबंधाच्या वेळी दुखते, लघवी सुरू व्हायला वेळ लागतो, टाक्याची जागा ठणकते. अशा बाईने आवळत सुटू नये. तिने आधी पोटात श्वास घेऊन सैल सोडायला शिकावे, आणि तेही शिकवणाऱ्याकडून.

स्नायू सापडला की तो कामाला जुंपायचा. खोकला, शिंक, ओझे, बाळाला उचलणे, या प्रत्येकाच्या क्षणभर आधी आवळायचे आणि काम होईपर्यंत धरून ठेवायचे. पोटातला दाब खाली येतो त्याआधी झोळी ताणलेली असली पाहिजे. नंतर आवळून फायदा नाही.

पाण्याचे उदाहरण घेऊ, कारण आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींत पाणी पहिले. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. बारा लिटरची कळशी भांड्याच्या वजनासकट तेरा-चौदा किलोंवर जाते. ती जमिनीवरून उचलून कमरेवर घेताना बाई वाकते, वळते, श्वास कोंडते आणि एकाच बाजूने ताणते. चारही गोष्टी एकदम. यातल्या तीन सहज टाळता येतात. भरलेले भांडे जमिनीवर ठेवूच नये, विहिरीच्या कठड्यावर किंवा कमरेइतक्या कट्ट्यावर ठेवावे. त्याच्या अगदी जवळ, एक पाऊल पुढे टाकून उभे राहावे. वाकताना श्वास आत, मग आवळायचे, आणि उचलताना ओठांचा चंबू करून फूऽऽ करत श्वास सोडायचा. भांडे पोटाला लागून वर आले पाहिजे. कमरेवरच्या एका बारा लिटरपेक्षा दोन हातांत पाच-पाच लिटरचे दोन डबे बरे. खेपा वाढतात, हे खरे. खेपा वाढल्या तरी चालतील, प्रत्येक खेपेचा झटका कमी झाला पाहिजे. डोक्यावरचे ओझे चालताना तितके बाधत नाही, ते चढवताना बाधते, म्हणून हंडा, मासळीची पाटी किंवा मोळी डोक्यावर दुसऱ्याने चढवावी आणि दुसऱ्यानेच उतरवावी. रहाटावर पोहरा शेंदताना दोर ओढायच्या प्रत्येक वेळी श्वास बाहेर सोडावा. जांभ्याच्या पाखाडीवरून ओझे घेऊन चढताना वर चढणाऱ्या पावलाला श्वास सोडला तर तोच चढ हलका जातो.

किती आणि केव्हा, याचा आमचा ढोबळ हिशेब असा. पहिले सहा आठवडे बाळापेक्षा जड काही नको. अंथरुणातून सरळ उठून बसू नये. कुशीवर वळावे, पाय खाली सोडावेत, हातांनी रेटून उठावे. या दिवसांत चालणे घरात-अंगणात पाच-दहा मिनिटांचे, दिवसातून दोन-तीनदा. सहा ते बारा आठवड्यांत चालणे हळूहळू अर्ध्या तासावर न्यावे. समुद्र जवळ असेल तर ओहोटीच्या वेळी ओल्या, घट्ट वाळूवर चालावे, कोरड्या भुसभुशीत वाळूत पाय रुततो आणि खाली ओढ जास्त बसते. याच काळात सेतुबंधासन, मार्जारासन, कुशीवर झोपून गुडघा उघडणे, भिंतीला हात टेकून दंड, खुर्चीवरून हात न टेकता उठणे हे प्रत्येकी आठ-दहा वेळा करावे. नियम एकच, जोर लावताना श्वास बाहेर आणि खालून पकड. तीन महिन्यांनंतर दोन्ही हातांत मिळून तीन ते पाच किलोंपासून सुरुवात करून दर आठवड्याला एखादा किलो वाढवावा. बाळ स्वतःच पाच-सहा महिन्यांत जन्मवजनाच्या दुप्पट होते, तेव्हा वजन उचलण्याचा व्यायाम घरात आपोआप चालू असतो, फक्त उचलण्याची रीत बदलायची. हापूसची पाच डझनी पेटी पंधरा किलोंवर जाते आणि भरलेला गॅस सिलिंडर तीस किलोंच्या आसपास. पहिले वर्षभर सिलिंडर घरातल्या दुसऱ्या कुणी हलवावा, हे आम्ही जवळजवळ हुकूम म्हणून सांगतो.

लावणीला जायचेच असेल (आणि ‘जाऊ नको’ म्हणणे सोपे असले तरी घरचे भात कुणी लावायचे, हा प्रश्न उरतो), तर पहिल्या पावसाळ्यात कामांची अदलाबदल करता येते. तरव्याच्या ओल्या मुठींचा भारा वाहणे तिने करू नये, ते सर्वांत वाईट. तरवा काढायचे काम उंच पाटावर बसून करता येते. मूठ उपटतानाही श्वास सोडायचा. लावताना तास-सव्वा तासाने बांधावर येऊन दहा मिनिटे कुशीवर पडावे किंवा गुडघे-कोपरे टेकून ढुंगण वर करून राहावे. लोक हसतील, हसू द्यावे. दुपारच्या या दहा मिनिटांनी संध्याकाळचा जडपणा बराच उतरतो. पहारीवर नारळ सोलणे आणि तासन् तास उकिडवे बसून विळीवर कापणे, या दोन्हींत दाब सतत खाली असतो. पहिल्या सहा महिन्यांत ते दुसऱ्यावर सोपवावे, निदान विळी ओट्यावर घ्यावी.

प्रमाण झेपते आहे की नाही हे कुठल्याही तक्त्यापेक्षा अंगच चांगले सांगते. संध्याकाळी थोडे जड वाटणे आणि सकाळी मोकळे वाटणे हे चालण्यासारखे आहे. नवीन काम केल्यावर जडपणा दुसऱ्या दिवसापर्यंत टिकला, फुगवटा पूर्वीपेक्षा पुढे आला, लघवी सुटू लागली, तर कालचे प्रमाण जास्त झाले. अशा वेळी सगळे बंद करून अंथरूण धरू नये. वजन, वेळ किंवा खेपा यांपैकी एक गोष्ट कमी करावी आणि दोन-चार दिवसांनी पुन्हा पाहावे. पाळीच्या दिवसांत आणि रात्रभर जागरण झाल्यावर तेच काम जड जाते, तेव्हा त्या दिवसांवरून निष्कर्ष काढू नये. अंगावर पाजत असेपर्यंत इस्ट्रोजेन कमी असल्याने योनी कोरडी आणि पातळ राहते, त्यानेही त्रास वाढल्यासारखा वाटतो. म्हणून पाजणे मात्र थांबवू नये.

योगाचे आणि मोबाइलवरच्या व्यायामांचे थोडक्यात. श्वास कोंडून किंवा झटक्याने पोट आत मारून केलेले सगळे तूर्त बाजूला: कपालभाती, भस्त्रिका, नौकासन, दोन्ही पाय एकदम उचलण्याचे उत्तानपादासन, उठाबशा, दोरीवरच्या उड्या. बाळंतपणानंतर पोटाचे मधले स्नायू फाकलेले असतात, त्यातून पोट शंकूसारखे वर येत असेल तर ते आसन अजून आपले नाही. पट्ट्याने अंग वर जात नाही. पाठीला आधार म्हणून सैल बांधावा, गच्च आवळला तर पोटातला दाब जाणार कुठे?

खरे सांगायचे तर हंड्यापेक्षा जास्त नुकसान बद्धकोष्ठ करते, कारण ते रोजचे आहे. बाळंतिणीला पाणी मोजून द्यायचे, पालेभाजी आणि फळे वर्ज्य, तुपाचे लाडू भरपूर, आणि वरून लोहाच्या गोळ्या, ज्या बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायच्या असतात. शौचाला खडा होणारच. गोळ्या सोडू नयेत. जेवणात उकड्या तांदळाची पेज, नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, लाल माठ, पपई, केळी असावीत आणि अंगावर पाजणाऱ्या आईने तहान मारू नये. तरी जमत नसेल तर रात्री दोन चमचे इसबगोल पेलाभर पाण्यातून घ्यावे आणि वर आणखी पेलाभर पाणी प्यावे. कमी पाण्यात ते उलट अडते. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर बसण्याची रीत मुळातच बरोबर आहे. कमोडवर पायांखाली वीतभर उंचीचा पाट घ्यावा, कोपरे गुडघ्यांवर टेकावेत, पोट सैल सोडावे आणि हूऽऽ करत श्वास सोडावा. दात-ओठ खाऊन कुंथणे बंद. मागची भिंत फुगत असेल तर योनी आणि गुदद्वार यांच्या मधल्या जागेला दोन बोटांनी आधार दिला की मोकळे होते. हे पुष्कळ बायका लपून करतात. त्यात गैर काही नाही. पावसाळ्यातला खोकला आणि चुलीचा धूर यांकडेही दुर्लक्ष नको, दिवसभर खोकणाऱ्या बाईचा व्यायाम संध्याकाळपर्यंत पुसला जातो.

पेसरी म्हणजे सिलिकॉनची रिंग. ती स्त्रीरोगतज्ज्ञ मापाने योनीत बसवतात आणि ती अंगाला आतून आधार देते. तरुण बाईलाही ती चालते, फक्त चालताना, व्यायामाला किंवा शेताच्या दिवसांत वापरता येते, रात्री काढून साबण-पाण्याने धुऊन ठेवता येते. बसवल्यावर चालून, खोकून, लघवी करून पाहिल्याशिवाय दवाखान्यातून निघू नये. टोचली किंवा घसरली तर माप चुकले. दर काही महिन्यांनी तपासणी हवी. आपल्याकडे हा पर्याय सांगितलाच जात नाही, एकदम ‘पिशवी काढून टाका’ इथवर गाडी जाते. आमचे मत स्पष्ट आहे: गर्भाशय काढल्याने ढिले बंध घट्ट होत नाहीत. आधाराचे टाके नीट घेतले नाहीत तर पुढे योनीचे टोकच खाली येते. शस्त्रक्रिया काहींना लागते, पण सहसा आणखी मूल नको हे ठरल्यावर आणि व्यायाम व रिंग दोन्ही करून पाहिल्यावर.

आणि फुगड्या. वैशाखात बाळंत झालेली लेक गणपतीला माहेरी आली की गौरीपुढे तिला ओढतातच. धावणे आणि उड्या यांसाठी तज्ज्ञांच्या सूचना किमान तीन महिने थांबायला सांगतात, आणि अंग खाली आले असेल तर आम्ही सहा म्हणू. त्याआधी घरी कसोटी घ्यावी: अर्धा तास भरभर चालणे, एका पायावर दहा सेकंद उभे राहणे, एका पायावर अर्धे बसून उठणे दहा वेळा, जागच्या जागी एक मिनिट धावणे, एका पायावर दहा उड्या, मग तेच दुसऱ्या पायावर. यातल्या कशानेही जडपणा आला नाही, लघवी सुटली नाही, तर खुशाल घालाव्यात. बसफुगडी मात्र खोल उकिडवे बसून उड्या मारण्याचा प्रकार आहे, ती यंदा राहू द्यावी. गाणी म्हणायलाही कुणीतरी लागतेच.

लघवी तुंबली, बाहेर आलेल्या भागावर जखम झाली किंवा तो काळा-निळा पडला, रक्त किंवा घाण वासाचा स्राव येऊ लागला, ताप आला, शौच आपोआप सुटू लागले, तर यातला कुठलाही व्यायाम न करता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

शेवटी आरोग्य खात्याकडे एक मागणी. दवाखान्यात बाळंत झालेल्या प्रत्येकीच्या घरी आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी नवजात बाळासाठी जातात, पुढे तिसऱ्या महिन्यापासून दर तीन महिन्यांनी पंधराव्या महिन्यापर्यंत पुन्हा जातात. बाळाचे वजन, ताप, दूध सगळे विचारले जाते. ४२व्या दिवशी आणि तिसऱ्या महिन्याच्या भेटीत आईला तीन प्रश्न विचारावेत: खाली जड वाटते का किंवा काही हाताला लागते का, खोकताना लघवी सुटते का, शौचाला कुंथावे लागते का. एकाचेही उत्तर हो आले तर तिला प्राथमिक आरोग्य केंद्रातून जिल्हा रुग्णालयाच्या स्त्रीरोग आणि फिजिओथेरपी विभागाची तारीख हातात द्यावी. या भेटी आजही होतात, त्यासाठी नवा माणूस किंवा नवे यंत्र लागत नाही. प्रश्न विचारताना सासू किंवा नवरा खोलीत नसावा, एवढी काळजी घ्यावी. चिठ्ठीवर ‘दुपारनंतर, उभी करून तपासावे’ हेही लिहावे.

आपल्या,
बाळंतिणींच्या फिजिओथेरपी व शुश्रूषेचे काम करणाऱ्या काही जणी,
रत्नागिरी जिल्हा